नोंदवहीत नाव नाही

परतूरच्या एका भगिनींचं लांबलचक पत्र आलं आहे. कामवाल्या बाईला दिवाळीला साडी द्यावी की महिन्याचा पगार, सुट्ट्यांचे पैसे कापावेत की नाही, दोन दिवस न सांगता आली नाही तर काय करावं, असे त्यांचे प्रश्न. असे प्रश्न या सदराकडे वरचेवर येतात आणि त्यांची उत्तरं सोपी आहेत. साडी आपल्या आवडीची असते, पैसे तिच्या उपयोगाचे. तेव्हा पैसे द्यावेत आणि ऐपत असेल तर वर साडीही द्यावी. महिन्याच्या चार सुट्ट्या धरूनच पगार ठरवावा, म्हणजे कापाकापीची वेळ येत नाही. न सांगता आली नाही, तर घरी कुणी आजारी आहे का ते आधी विचारावं, मग हवं तर रागवावं.

पण पत्राच्या अगदी शेवटी ता. क. म्हणून दोन-तीन ओळी घातल्या आहेत, आणि मला वाटतं खरं पत्र तेवढंच आहे. "बाई एका कागदावर सही मागते आहे. आमच्याकडे काम करते असा दाखला तिला कुठंतरी द्यायचा आहे म्हणे. आमचे हे म्हणतात, सही देऊ नकोस, उद्या अंगाशी येईल. तुमचं काय मत?"

माझं मत, सही द्यावी. पण नुसतं "द्यावी" म्हणून भागायचं नाही, कारण ही भीती काही त्यांच्या यजमानांची एकट्याची नाही. शिकल्यासवरल्या घरांतून मी ती ऐकली आहे. कागदावर नाव असण्या-नसण्यानं एवढं काय होतं, हे सांगायचं तर मला २०२० सालच्या मे महिन्यात, आपल्याच रेल्वेलाइनवर जावं लागेल.

जालन्यात लोखंडी सळया तयार करणारे कारखाने आहेत, हे जालनेकरणींना सांगायला नको. घर बांधताना आपण घेतो ती सळई बहुधा इथलीच. त्या भट्ट्यांपुढं राबायला मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेश इथून माणसं येतात. बाजारात आठवड्याचा बटाटा-कांदा घेताना दिसतात, त्यापलीकडं आपला त्यांचा संबंध येत नाही.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजता लागू झाली. मधल्या चार तासांत आपण किराणा भरला. ज्यांची मजुरी आठवड्याला मिळते आणि डबे ठेवायला ज्यांच्याकडे फडताळ नाही, ते काय भरणार? कामं थांबली, हातातले पैसे संपत आले, आणि माणसं गावाकडं चालत निघाली. ३१ मार्चला केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की आता रस्त्यावर चालणारं कुणी उरलेलं नाही. त्या दिवसांत दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा सुरू झालं होतं आणि घराघरांतून कुकरमधल्या केकचे प्रयोग चालले होते. यात कुणाला बोल लावावा असं मला वाटत नाही. घरात बसायला सांगितलं होतं, आपण बसलो. घर होतं म्हणून बसलो, एवढंच ध्यानात ठेवायचं.

१ मेपासून श्रमिकांसाठी खास रेल्वेगाड्या सुरू झाल्या, पण त्यात बसायला अर्ज, परवाना, यादीत नाव असं सगळं लागायचं. जालन्यातल्या एका स्टील कारखान्यात काम करणारे वीस जण होते, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांतले. पाससाठी आठवडाभर आधी अर्ज केला होता पण उत्तर आलं नाही, असं त्यांच्यातल्या वाचलेल्या एकानं नंतर सांगितलं. ७ मेच्या संध्याकाळी ते जालन्याहून पायी निघाले. भुसावळकडं जायचं आणि तिथून गाडी मिळते का बघायचं. प्रवासी गाड्या बंद, तेव्हा रूळ मोकळे, असा हिशेब करून त्यांनी रेल्वेलाइन धरली. बदनापूर गेलं. रात्रभरात पस्तीस-चाळीस किलोमीटर चालून झाले आणि करमाडच्या अलीकडं सटाणा शिवारात थकून टेकले. काही रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मनमाडकडं जाणारी मालगाडी आली. सोळा जण गेले. अकरा शहडोलचे, पाच उमरियाचे.

रुळांमध्ये पसरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत होतं. आपल्यापैकी पुष्कळ जणींना ते आठवत असेल, कारण पोळी ही गोष्ट बाईच्या नजरेतून सुटत नाही. वाटेसाठी केलेल्या पोळ्या जाड असतात, दोन दिवस टिकाव्यात म्हणून. त्या तशाच होत्या.

दोन्ही राज्यांच्या सरकारांनी पाच-पाच लाखांची मदत जाहीर केली, चौकशीचा आदेश निघाला. मृतदेह त्याच संध्याकाळी खास गाडीनं जबलपूरकडं रवाना झाले. जिवंतपणी जी गाडी मिळेना, ती अशी मिळाली, हे वाक्य तेव्हा जो तो बोलत होता. मी पुन्हा बोलत नाही. मला पुढचं सांगायचं आहे. वर्ष उलटून गेल्यावरही त्यांच्या घरच्यांना मृत्यूचे दाखले मिळाले नसल्याच्या बातम्या आल्या होत्या. भगिनींनो, मृत्यूच्या दाखल्याशिवाय काय काय अडतं ते आपल्या घरात कुणी गेल्यावर कळतं. बँक, विधवा पेन्शन, जमिनीवरची वारसनोंद, सगळं त्या एका कागदावर थांबतं. सगळ्या देशानं ज्यांची बातमी वाचली, त्यांच्या बायकांना नवरा गेल्याचा पुरावा हिंडून मिळवायचा होता.

आता कायद्याचं बघा. आपल्याकडं कायदाच नव्हता अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. १९७९ साली संसदेनं आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी खास कायदा केला होता. परराज्यातून पाच किंवा अधिक मजूर आणणाऱ्या ठेकेदारानं परवाना घ्यायचा. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात कामाचं ठिकाण, मजुरी, मुदत लिहायची. गाव सोडून आल्याबद्दल अर्ध्या महिन्याच्या पगाराइतका किंवा पंचाहत्तर रुपये, यांतला जो जास्त असेल तो भत्ता द्यायचा, शिवाय जाण्यायेण्याचं भाडं. आणि अपघातात मजूर दगावला किंवा जबर जखमी झाला, तर दोन्ही राज्यांतल्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवायचं. मी ही कलमं वाचली तेव्हा कुणी तरी फार शहाण्या माणसानं बसून लिहिली असावीत असं वाटलं. २०२० च्या मार्चमध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अशी भरलेली वही असती, तर कोण कुठं अडकलंय, किती गाड्या लागतील, कुणाच्या दारात धान्य पोचवायचं, हे एका दिवसात कळलं असतं.

ती भरलेली नव्हती. हे मी माझ्या मनचं बोलत नाही. १५ मे २०२० ला या सोळा जणांचा दाखला देऊन चालत निघालेल्यांसाठी एक अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा माणसं रुळांवर झोपली तर कोण कसं थांबवणार, असं न्यायालयानं म्हटलं आणि अर्ज घेतला नाही. पण महिनाअखेरीस त्याच न्यायालयानं स्थलांतरितांचा प्रश्न आपणहून हाती घेतला, घरी परतणाऱ्यांकडून भाडं घेऊ नका असा आदेश दिला, आणि २९ जून २०२१ च्या निकालात राज्यांना बजावलं की १९७९ च्या कायद्याखाली सगळ्या ठेकेदारांना परवाने द्या, आस्थापनांची नोंद करा. म्हणजे कायदा होऊन बेचाळीस वर्षं झाल्यावर तो अमलात आणा असं सांगावं लागलं. असंघटित कामगारांच्या नोंदणीला जो उशीर झाला, त्याला न्यायालयानं अक्षम्य म्हटलं.

मधल्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, लोकसभेत विचारलं गेलं की घरी परतताना किती स्थलांतरित कामगार मेले? कामगार मंत्रालयाचं उत्तर होतं, अशी माहिती ठेवलेली नाही. भरपाई दिली का? माहितीच नाही तेव्हा तो प्रश्नच येत नाही. आणि त्याच उत्तरांत परतलेल्यांचा आकडा होता, एक कोटी चार लाखांच्या वर!

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात गेल्यावर पहिलं काम हजेरीपट उघडायचं. ज्या पोराचं नाव हजेरीपटावर नाही ते बाकावर बसलेलं असलं तरी सरकारच्या लेखी वर्गात नसतं; त्याला पुस्तक नाही, गणवेश नाही, खिचडीच्या हिशेबात ते नाही. दिवाळीनंतर आमच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातात. भट्टीवरच्या परप्रांतीयांबद्दल बोलताना आपण विसरतो की आपला जिल्हाही दुसरीकडं माणसं पाठवणाराच आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये असे एक लाखाहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात अडकून पडले होते. पोरंबाळं, बैल, सगळं घेऊन पालात. त्यांना गावी आणायची परवानगी महिन्याच्या मध्यास निघाली. हे मतदार इथले होते, त्यांच्यासाठी बोलणारे आमदार इथले होते. शहडोलच्या माणसासाठी जालन्यात कोण बोलणार? त्याचं मत शहडोलला, घाम जालन्याला.

ऊसतोडीच्या हिशेबातली एक गोष्ट मात्र आपल्या सदरात यायलाच हवी. तिथं नवरा-बायको मिळून "एक कोयता" धरतात. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. ऊस तोडायला, मोळ्या बांधायला, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायला बाई बरोबरीनं असते, वर पहाटे उठून चूलही तिचीच. वहीत ती नसते. ती अर्धा कोयता. आपण शहरातल्या बायका हे ऐकून हळहळतो. पण आपल्या घरातलं लाइट बिल, घराची नोंद, गॅसचं कार्ड एकदा काढून बघा, किती कागदांवर आपलं नाव आहे. (१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर सक्तीचं झालं. चांगलं झालं. माझ्या मुलांच्या वेळी ते नव्हतं.)

तर आता परतूरच्या बाईच्या कागदाकडं येते.

महाराष्ट्रात २००८ सालापासून घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आहे. धुणं-भांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांनी त्यात नाव नोंदवायचं. अपघातात मदत, मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला मदत, आणि मृत्यूनंतर वारसाला अंत्यविधीचा खर्च अशा त्यातल्या तरतुदी आहेत. मोठ्या रकमा नाहीत. कायदा बरा, पण मंडळाचं काम अधूनमधूनच जिवंत असतं, हे खरंच आहे. तरीही नाव असण्या-नसण्याचा फरक २०२१ च्या एप्रिलमध्ये दिसला. दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांत राज्य सरकारनं घरेलू कामगारांना पंधराशे रुपये जाहीर केले, पण नोंदणीकृत असलेल्यांना. आमच्या गल्लीत येणाऱ्या बायकांना मी तेव्हा विचारलं. "नोंदणी म्हंजे रेशन कार्डावरची का हो?" असं एकीनं मलाच विचारलं. आधीच्या वर्षी कित्येक घरांनी त्यांना महिनोन्महिने कामावर येऊ दिलं नव्हतं. काहींनी पगार दिला, काहींनी अर्धा दिला, काहींनी काहीच दिला नाही. सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कायद्यानं मिळण्यासारखे तेवढे पंधराशेच होते, आणि त्यासाठी कागद नव्हता.

पंधराशे हा आकडा पुढं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला. २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण' योजना सुरू झाली आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होण्यापूर्वी दोन कोटींहून अधिक बायकांची नावं, आधार, बँकखाती गोळा होऊन पैसे जमाही झाले. अंगणवाडीताईंनी घरोघरी फॉर्म भरले, वॉर्डावॉर्डांत शिबिरं लागली. त्या पैशांनी पुष्कळ घरांना आधार मिळाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी एवढंच पाहिलं की यादी करता येते. तीन-चार महिन्यांत दोन कोटी नावं लिहिता येतात. मग बेचाळीस वर्षांत भट्टीवरच्या माणसांची का लिहिता आली नाहीत, आणि २००८ पासून भांडीवालीचं का लिहिता येत नाही?

आता कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७९ चा तो कायदा त्यांत विरून गेला. नव्यात एक चांगलं आहे, ठेकेदाराशिवाय आपला आपण आलेला मजूरही आता त्यात धरला जातो, आणि प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं आहे. वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचं भाडंही आहे. पण पाच मजुरांची अट दहांवर गेली, आणि गाव सोडल्याचा भत्ता गेला. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी तर देशभराचा वेगळा कायदा अजूनही नाही. तो करता येईल का ते पाहा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या जानेवारीत केंद्राला सांगितलेलं आहे.

तेव्हा परतूरच्या भगिनींनी सही जरूर द्यावी. दाखला साध्या कागदावर चालेल का, छापील नमुना लागेल का, ते बाईला जिल्ह्याच्या सरकारी कामगार कार्यालयात विचारून यायला सांगावं, किंवा तिच्यासोबत एकदा जावं. फार तर अर्धा दिवस जातो. वयाचा आणि राहण्याचा पुरावा आणि फोटो तिचे. आपण लिहायचं ते एवढंच, की अमुक बाई अमुक तारखेपासून आमच्या घरी अमुक काम करतात. यजमानांना सांगा, सही देणाऱ्या घराकडून मंडळ पैसे मागत नाही. ती आपल्याकडं काम करते हे खरं आहे, आणि खरं लिहून दिल्यानं अंगाशी येण्यासारखं काही उरत नाही. ती तीन-चार घरी काम करत असेल तर सगळ्यांनी मिळून ठरवा, कुणी दाखला द्यायचा ते. "त्या देतील" म्हणत चारही घरं गप्प बसतात असा माझा अनुभव आहे. आणि लिहिताना तिचं पूर्ण नाव तिलाच विचारा, आधार कार्डावर आहे तसंच घाला. दहा-दहा वर्षं घरात वावरणाऱ्या बाईचं आडनाव आपल्याला ठाऊक नसतं.

शेजारपाजारच्या पाच-सहा जणी मिळून आणखी एक करता येईल. जालना नगरपालिकेची २०२३ साली महानगरपालिका झाली, पण नगरपालिकेची मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षं शहरात निवडून आलेलं कुणी नव्हतं, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. नळाला पाणी किती दिवसांनी येणार हे विचारायला दार कोणाचं ठोठवायचं तेच कळत नसे. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची पहिली निवडणूक झाली. निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेकडं जा आणि 'लाडकी बहीण'साठी लागली होती तशीच नोंदणीची शिबिरं घरकामवाल्यांसाठी आणि एमआयडीसीतल्या मजुरांसाठी लावायला सांगा. कामगार कार्यालयाचा माणूस दोन दिवस प्रभागात येऊन बसला तरी पुष्कळ होईल. वेळ मात्र दुपारी दोन ते चारची मागा. सकाळी त्या आपल्या घरी भांडी घासत असतात आणि संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या.